मँडोलिनचा चॉप : करंगळी पोचत नसेल तर सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही बावन्न वर्षांचे आहात, मँडोलिन घेऊन तीन महिने झाले, पाच-सहा धून वाजवता येतात. अमेरिकेत तुम्ही राहता त्या गावात दर आठवड्याला ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताचा जॅम, म्हणजे एकत्र वाजवण्याची बैठक, भरतो. तिथे तुम्हाला सांगितलं की धून राहू देत, आधी चॉप, म्हणजे कॉर्डचा तुटक ठोका, शिका. त्यासाठी दाखवलेली चार बोटांची ‘जी’ (G) कॉर्ड, म्हणजे जाड तारेपासून ७-५-२-३ या पडद्यांवर एकदम धरलेले सूर, तुमच्या हाताला झेपत नाही. करंगळी सातव्या पडद्याला पोचत नाही, पोचली तर बाकीची बोटं उचलली जातात. दोन मिनिटांत हात भरून येतो. आवाज एकतर पत्र्यासारखा झणझणतो नाहीतर नुसता ठक्क येतो, आणि बोटं जुळवेपर्यंत ठोका निघून गेलेला असतो. तुम्ही विचारलंय की बोटं ताणायचे कोणते व्यायाम करू, आणि हात मुळातच लहान असेल तर हे सोडून द्यावं का.

सोडू नका. माझा हात बहुधा तुमच्याहून लहान आहे आणि मी सतरा वर्षं चॉप वाजवते आहे. नॉर्थ कॅरोलायनात आमचा शनिवारचा जॅम असतो. तिथे मी जवळपास सगळा वेळ चॉपच वाजवते, स्वतःची धून वाजवायची पाळी एका गाण्यात एकदा येते. व्यायामांबद्दल पुढे लिहिते, पण तुमचं लिहिणं वाचून मला अडचण बोटांच्या लांबीत दिसत नाही. तुम्ही चॉपला आधी कॉर्ड समजताय. तो आधी ठोका आहे. कॉर्ड त्या ठोक्याला रंग देते, एवढंच तिचं काम. हा क्रम उलटा झाला की हाताचं, आवाजाचं आणि लयीचं दुखणं एकदमच सुरू होतं. तुमच्याकडे तिन्ही आहेत.

चॉप कशासाठी आला ते पाहिलं तर हे पटेल. ब्लूग्रासच्या पारंपरिक संचात ड्रम नसतो. बँजो, फिडल, गिटार, मँडोलिन आणि उभा बास, एवढ्यावर सगळं चालतं. बिल मन्रो हा मँडोलिनवादक केंटकीतल्या रोझीनचा, जन्म १९११चा. १९३९ पासून तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात संच घेऊन वाजवू लागला. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्याच्या संचात आला, आणि आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात तो घाट पक्का झाला. इतक्या वेगाच्या संगीताला कुणीतरी बांधून ठेवायला हवं. बास पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर पडतो, दुसरा आणि चौथा ठोका मँडोलिनचा. कोरडा, तुटक, स्नेअर ड्रमच्या जागी बसणारा. जॅममधल्या लोकांनी तुम्हाला धून बाजूला ठेवून चॉप शिकायला सांगितलं त्याचं कारण हेच. त्यांना तुमच्याकडून सूर नकोय, लय हवी आहे.

मी मिरजेत वाढले. वडील भजनाला तबला धरायचे, मीही चार-पाच वर्षं शिकले. त्यामुळे चॉप मला उमगला तो तबल्याच्या भाषेत. तबल्यावर खुले बोल असतात आणि बंद बोल असतात. ‘ना’ वाजवलं की नाद मागे रेंगाळतो. ‘तिट’ वाजवताना बोटं टेकून राहतात आणि नाद जागीच मिटतो. चॉपची सुरुवात ‘ना’सारखी, स्वर असलेली, आणि शेवट ‘तिट’सारखा. स्वर कानावर आला न आला तोच तो मिटवायचा. हे मिटवण्याचं काम डाव्या हाताचं, आणि ते दाब काढून घेऊन होतं. बोटं तारांवरच राहतात, फक्त तार पडद्यावर टेकवणारा जोर जातो. तार पडद्यावरून सुटते, पण बोटाचं मांस तिला लागून असतं, म्हणून ती गुणगुणू शकत नाही.

याचा अर्थ असा, की चॉप वाजवताना डावा हात बहुतेक वेळ विश्रांती घेत असतो. दाब फक्त ठोक्याच्या क्षणी. तुमचा हात दोन मिनिटांत भरून येतो, कारण दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही तुम्ही कॉर्ड आवळून धरताय. मीही पहिल्या वर्षी हेच केलं. एका शिकवणीत मला सांगितलं होतं की रोज तासभर चार बोटांची जी धरून ठेव, महिन्याभरात हात खुलेल. महिन्याभरात माझ्या करंगळीचं पेर सुजलं आणि तीन आठवडे वाद्य पेटीतून काढता आलं नाही. पुन्हा जॅमला गेले तेव्हा बास वाजवणारे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, तू कॉर्ड लावूच नकोस, तारा दाबू नकोस, नुसती माझ्याबरोबर ये. त्या संध्याकाळी मी दोन तास एकही सूर न काढता वाजवलं. कुणाचीही तक्रार आली नाही, आणि घरी परतताना हात दुखत नव्हता.

तेव्हा पहिला आठवडा तुम्हीही असाच घालवा. डाव्या हाताची तीन-चार बोटं तारांच्या चारही जोड्यांवर आडवी, हलकी ठेवा. दाबायचं काही नाही. उजव्या हाताने खाली एक झटका. ‘चक’ असा आवाज आला पाहिजे, कोणताही सूर नको. एक काळजी घ्या. पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या पडद्याच्या नेमकं वर एकच बोट हलकं टेकलं तर तिथून घंटीसारखे बारीक सूर निघतात. म्हणून बोटं या जागा सोडून ठेवा आणि किमान दोन तरी बोटं तारांवर असू द्या.

आता लय. आपल्याकडच्या माणसाला इथे एक खास अडचण येते. आरतीला, भजनाला आपली टाळी समेला धरून पडते. लहानपणापासून हाताला तीच सवय आहे. चॉपची जागा बरोबर तिच्या मधली. जॅममध्ये नकळत तुमचा हात बासबरोबर पडायला बघेल. त्यावर मला लागू पडलेला उपाय कहरव्याचा. बोल तोंडाने म्हणा : धा गे ना ती, न क धी न. बास ‘धा’वर आणि ‘न’वर आहे, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. तिथे पाय आपटा. चॉप ‘ना’वर आणि ‘धी’वर, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तिथे हात. आधी वाद्य न घेता मांडीवर करा, मग बंद तारांवर. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारं यंत्र, मिनिटाला ५० वर ठेवून त्याची टिक म्हणजे बास असं धरा. ते सहज झालं की अवघड पायरी : आता टिक म्हणजे तुमचा चॉप, आणि बास तुमच्या पायात. टिक आणि चॉप एकावर एक बसले की टिक ऐकूच येईनाशी होते. ती ऐकू येणं थांबलं म्हणजे तुम्ही जागेवर आहात.

दादऱ्याच्या अंगाची गाणीही जॅममध्ये येतात, तिथले लोक वॉल्ट्झ म्हणतात. तिथे बास एक, चॉप दोन आणि तीन : ‘धा’ बासचा, ‘धी ना’ तुमचे. यात चॉप थोडा मऊ ठेवतात, दोन्ही ठोके सारखे कडक पडले तर गाणं कवायतीसारखं वाटतं.

उशीर का होतो तेही सांगते. बास ऐकू आला की मग हात उचलायला घेतला तर उशीर होणारच. हात बासच्या ठोक्याबरोबरच वर जायला हवा, म्हणजे पुढच्या ठोक्यावर तो आपोआप खाली येतो. दुसरं कारण कॉर्ड बदलण्याची धास्ती. तिथे माझा एकच नियम आहे : कॉर्ड तयार नसेल तर बोटं तारांवर हलकी टेकवा आणि बंद चॉप मारा. ठोका सोडायचा नाही. चुकीची कॉर्ड एखाद्याच्या लक्षात येते. गळलेला ठोका मात्र सगळ्यांच्या पायाला कळतो.

उजव्या हाताबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, पण जे आहे ते महत्त्वाचं. हात धुतल्यावर पाणी झटकतो तशी मनगटाची हालचाल हवी. कोपरापासून हात फेकला तर वेग वाढल्यावर खांदा दुखतो. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, पातळ नको, १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीचं घ्या, आणि ते चिमटीत आवळू नका. पिक जोड्यांवरून इतक्या पटकन जायला हवं की तीन जोड्या मिळून एकच आवाज येईल. ‘झर्रर्र’ ऐकू आलं तर हात हळू आहे. मारायची जागा घोडीजवळ नको, तिथला आवाज टोचतो. मानेची पट्टी संपते त्याच्या आसपास मारा आणि जोर जाड तारांवर असू द्या. चॉपचा लाकडी आवाज जी आणि डी या दोन जाड जोड्यांतून येतो. सगळ्यात बारीक ई जोडीपर्यंत हात पोचला नाही तरी काही बिघडत नाही.

एवढं बसलं की मग कॉर्ड. आकडे मी जाड तारेकडून बारीक तारेकडे लिहिते आहे, जी-डी-ए-ई. फुली म्हणजे ती जोडी वाजवायची नाही.

चार बोटांच्या जीपासून सुरुवात करणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण मोजता येतं. गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीच्या मँडोलिनवर नटापासून (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी खाचांची पट्टी) घोडीपर्यंतची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. त्या मापाने दुसरा आणि सातवा पडदा यांत जवळपास ७९ मिलिमीटर अंतर पडतं. ७-५-२-३ धरताना तर्जनी आणि करंगळी एवढ्या फाकवाव्या लागतात. तेच डीची कॉर्ड ७-४-५-× धरली तर चौथ्यापासून सातव्यापर्यंत ४४ मिलिमीटर. सी, म्हणजे ५-२-३-×, धरली तर ५० मिलिमीटर. ई, म्हणजे ९-६-७-×, तर ४० मिलिमीटरच. पडदे वर वर जवळ येत जातात, म्हणून हा फरक. नवशिक्याला पहिल्याच दिवशी ७९ मिलिमीटर मागायचे आणि पोचला नाही की हात लहान म्हणायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

तर पहिली कॉर्ड डी. तर्जनी डीच्या तारेवर चौथ्या पडद्यात, मधलं बोट एच्या तारेवर पाचव्यात, आणि जीच्या तारेवर सातव्यात करंगळी किंवा अनामिका, जे सहज जाईल ते. मधलं बोट किंचित कललेलं ठेवा, म्हणजे त्याची खालची कड ईच्या जोडीला लागून ती मुकी राहील. हाच आकार दोन पडदे खाली सरकवला की सी, दोन पडदे वर नेला की ई. एका आकारात तीन कॉर्ड झाल्या. यात मोकळी तार एकही नाही. चॉपसाठी हे फार गरजेचं आहे, कारण मोकळ्या तारेवर डावं बोटच नसतं, मग दाब सोडून तिला मिटवणार कसं? पुस्तकात पहिल्या पानावर असते ती दोन बोटांची जी, ०-०-२-३, वाजवायला गोड आहे पण चॉपला चालत नाही, ती याचसाठी.

मग ए. २-२-४-५. तर्जनी जी आणि डी या दोन्ही जोड्यांवर दुसऱ्या पडद्यात आडवी, अनामिका एच्या तारेवर चौथ्यात, करंगळी ईच्या तारेवर पाचव्यात. पुन्हा ५० मिलिमीटरचाच ताण, आणि करंगळी बारीक तारेवर असल्यामुळे तिला लांब जावं लागत नाही. आता बघा, ए, डी आणि ई या तीन कॉर्ड तुमच्याकडे आल्या. ए पट्टीतली कितीतरी गाणी या तिघींवर पार पडतात. चार बोटांच्या जीशिवाय तुम्ही अख्खी संध्याकाळ वाजवू शकता.

जी पट्टीचं गाणं आलं तर? तीन बोटांची जी धरा : ×-५-२-३. तर्जनी एच्या तारेवर दुसऱ्यात, मधलं बोट ईच्या तारेवर तिसऱ्यात, अनामिका डीच्या तारेवर पाचव्यात. स्वरांनी पाहिलं तर पूर्ण कॉर्ड प-सा-ग-सा अशी आहे. करंगळी काढली की सा-ग-सा उरतं. गेला तो पंचम, आणि तो शेजारचा गिटार देतच असतो. वरची डी आणि सीसुद्धा सा-ग-सा अशाच आहेत, त्यांच्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. फक्त जीची मोकळी जोडी घुमू देऊ नका. अंगठा मानेवरून किंचित पुढे आला की तो तिला टेकतो आणि ती मुकी होते. हे मान्य केलं पाहिजे, की सगळ्यात जाड जोडी गेल्यामुळे या जीचा आवाज जरा हलका पडतो. म्हणून चार बोटांची जी कधीतरी शिकायचीच आहे. घाई नाही, एवढंच.

ती कशी शिकायची ते तुमच्या व्यायामाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बोटं ताणायचे वेगळे व्यायाम मी कुणाला सांगत नाही. तोच आकार वर नेऊन धरा : १२-१०-७-८. ही सी कॉर्ड झाली, आणि सातव्यापासून बाराव्यापर्यंत अंतर आहे ५९ मिलिमीटर. तिथे आकार हाताला कळू द्या. मग एक पडदा खाली, ११-९-६-७. मग १०-८-५-६. मग ९-७-४-५, ही ए, ७० मिलिमीटर. मग ८-६-३-४, आणि शेवटी ७-५-२-३. प्रत्येक पायरीला एक आठवडा द्या, नाही जमली तर दोन द्या. बोटं ठेवताना करंगळी आणि अनामिका आधी ठेवा आणि तर्जनी मागे न्या. तर्जनी आधी रोवून करंगळी पुढे ओढणं हाताला जास्त जड जातं. दिवसाला पाच मिनिटं पुरेत. ताण जाणवणं ठीक आहे, पण पेरात दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी तिथेच थांबा. बावन्नाव्या वर्षी पेर सुजलं तर बरं व्हायला वेळ लागतो. दुखणं राहिलंच तर हाताच्या डॉक्टरांना दाखवा, जॅममधल्या सल्ल्यावर विसंबू नका.

बोट पोचत नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा दोष हात धरण्यात असतो. पट्टा लावता का? बसूनसुद्धा पट्टा लावा. पट्टा नसेल तर डावा हात मानेला उचलून धरतो, आणि उचलणारा हात फाकत नाही. मानेला तळवा चिकटवू नका, तिथे एक पेन्सिल जाईल एवढी पोकळी हवी. अंगठा तीन बोटांच्या आकारांत बाजूने वर असू दे, पण चार बोटांच्या जीला तो थोडा खाली घ्या आणि मनगट किंचित पुढे आणा. तेवढ्याने करंगळी एक-दीड सेंटिमीटर लांब झाल्यासारखी वाटते.

इथवरचं एकदा गोळा करते. आधी बंद तारा आणि कहरवा. मग डी, सी आणि ई एका आकारात. मग ए, आणि तीन बोटांची जी. चार बोटांची जी वरून खाली, सावकाश. आणि सगळीकडे दाब फक्त ठोक्याच्या क्षणी.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी.

पहिली तुमच्या वाद्याची. तुम्ही फोटो टाकलेला नाही, पण वर्णनावरून तुमच्या मँडोलिनला मध्ये लंबगोल भोक आहे असं दिसतं. अशा वाद्याचा नाद लांबतो, गोडही असतो, पण चॉप तितका कोरडा पडत नाही. फिडलसारखी दोन एफ-भोकं असलेलं मँडोलिन आवाज चटकन फेकतं आणि चटकन मिटवतं. ही रचना गिब्सनने १९२२ मध्ये एफ-५ या मॉडेलने आणली, लॉइड लोअर हा वाद्यरचनाकार तिथे असताना. मन्रो १९४०च्या दशकापासून पुढे आयुष्यभर जे मँडोलिन वाजवत राहिला तेही एफ-५, त्यावर लोअरची सही ९ जुलै १९२३ ची आहे. याचा अर्थ तुम्ही लगेच नवं वाद्य घ्यावं असा मुळीच नाही. लंबगोल भोकाच्या वाद्यावर दाब जरा लवकर सोडा, काम भागतं. कधी घ्यायचंच झालं तर एफ-भोकांचं साधं, थेंबाच्या आकाराचं घ्या. शिंगासारखी वळलेली नक्षी दिसायला सुंदर असते आणि किंमत खूप वाढवते, आवाजात तिचा वाटा नगण्य.

झणझणाटाबद्दल. आम्हा मिरजकरांना जवारी जिव्हाळ्याची. तंबोऱ्याची घोडी घासून घासून तो झंकार मुद्दाम आणतात. मँडोलिनवर तोच झंकार आला तर काहीतरी बिघडलेलं असतं. बऱ्याचदा बोट पडद्यापासून मागे पडलेलं असतं, ते पडद्याच्या अगदी लगत आणा. बोट जागेवर असूनही झणझणलं तर सेटिंग तपासून घ्या. स्वस्त वाद्यांत दुसरा एक दोष नेहमी सापडतो : नटाच्या खाचा उथळ राहिलेल्या असतात, म्हणून तारा उंच बसतात आणि खालच्या पडद्यांत दाबायला दुप्पट जोर लागतो. घरच्या घरी बघता येतं. एक जोडी दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तारेखाली किती फट राहते ते पाहा. केसाएवढी असेल तर उत्तम. त्यातून जाड कार्ड सरकत असेल तर कारागिराकडे जा, स्वतः कानस लावू नका. तारासुद्धा बघा. ११ च्या संचाऐवजी (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच) १० चा हलका संच लावला तर बोटांना लगेच आराम पडतो. आवाज थोडा कमी होतो. पहिल्या वर्षी तो तोटा मी आनंदाने घेईन.

दुसरी गोष्ट जॅमची. तुम्ही ब्लूग्रास म्हणालात म्हणून हे सगळं लिहिलं. त्याच भागात ओल्ड-टाइम जॅमही भरतात. तिथे फिडल आणि बँजो मिळून धून गोल गोल फिरवत राहतात, आणि मधोमध कडक चॉप पडलेला अनेकांना रुचत नाही. आयरिश सेशनमध्येही तसंच. तिथे मोकळ्या तारांच्या कॉर्ड, वाहत्या हाताने. ती दोन बोटांची जी तिथे उपयोगी पडते. आणि ब्लूग्रासमध्येसुद्धा कुणी कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा ड्रम घेऊन बसलं असेल तर दुसरा-चौथा ठोका त्याच्याकडे गेलेला असतो. दोघांनी तो मारला आणि केसभर इकडे-तिकडे झाला तर खडखडाट होतो. अशा वेळी मी चॉप अगदी हलका करते.

तिसरी, गाण्यातल्या जागेची. कुणी गात असेल तर चॉप खाली आणा. बँजो स्वतःची धून वाजवत असेल तेव्हा थोडा वाढवला तर त्याला आधार मिळतो. फिडलच्या वेळी मधोमध. कधी कधी बँजोवालाही मागे राहून तुमच्यासारखे तुटक ठोके द्यायला लागतो, तेव्हा त्याला जागा द्या. आणि तुमची स्वतःची पाळी आली की चॉप थांबणारच, तेव्हा लय गिटार आणि बासच्या हातात जाते. ती आपल्याशिवाय कशी टिकते हे त्या वेळी कान देऊन ऐका.

दाब नेमका कधी सोडायचा, यावर एकमत नाही. काहीजण स्वर जवळजवळ ऐकूच येऊ देत नाहीत, काहीजण पाव क्षण रेंगाळू देतात. संथ गाण्यात मीही रेंगाळू देते. सुरुवातीला फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा. कॉर्ड कोणती ते कानाला कळलं पाहिजे, आणि पुढचा बासचा ठोका येण्याआधी पूर्ण शांतता झाली पाहिजे. नुसता ठक्क येतोय म्हणता, तो दाब खूप लवकर सुटल्यामुळे किंवा मुळात पुरता न बसल्यामुळे. या दोन टोकांच्या मध्ये तुमची जागा तुम्हालाच सापडेल, ती वाद्यागणिक बदलते.

येत्या जॅमला जाताना बासवाल्याच्या शेजारची खुर्ची पकडा. त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहा. पहिली दोन गाणी पूर्ण बंद तारांवर वाजवा. तिसऱ्याला ए पट्टीचं काही निघालं तर फक्त ए कॉर्डच्या जागी सूर काढा आणि डी-ई आल्या की पुन्हा बंद. पुढच्या आठवड्यात डी जोडा. हात कसा राहिला आणि फट केसाएवढी निघाली की कार्डाएवढी, ते इथे लिहा. मग नटाचं काय करायचं ते बघू.